पुण्याहून इलेक्ट्रिक गाडीने लांब जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोथरूडला राहतो. माझ्याकडे ४५ युनिट बॅटरीची गाडी आहे. ती घेऊन कोकण, कोल्हापूर, महाबळेश्वर आणि एकदा नागपूर झालंय. गाडी आल्यापासून पार्किंगमधले शेजारी, लग्नात भेटणारे लांबचे मामा आणि वॉचमन या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : "किती देते?"

प्रश्न चुकीचा नाही, पण पुण्याहून निघणाऱ्याला तो अर्धाच आहे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, घाटाच्या तोंडाशी राहतो. कोकणात जायचं तर जाताना उतार लागतो आणि परत येताना चढ. त्यामुळे पोचण्याचा हिशेब सोपा असतो, चुकतो तो परतीचा. खालची उत्तरं हे डोक्यात ठेवून लिहिली आहेत. किलोवॉट-तास म्हणजे लाईटबिलातलं आपलं युनिट, म्हणून सगळीकडे 'युनिट' हाच शब्द वापरलाय.

कंपनी ४८९ किलोमीटर सांगते. खरं किती धरायचं?

हायवेला त्यातले ३०० धरा आणि शांत झोपा.

कंपनीचा आकडा खोटा नसतो. तो प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी ठरावीक पद्धतीने पळवून काढलेला असतो. आपल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था हेच काम करते. सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे तिच्या कुंपणाजवळून जातात, पण त्या चाचणीत टेकडी नसते, समोरचा वारा नसतो आणि मागच्या सीटवर चार बॅगा घेऊन बसलेली आत्याही नसते. चाचणीतला कमाल वेगही ताशी ९०च्या पुढे जात नाही. टाटांनी ४५ युनिटच्या नेक्सॉनसाठी प्रमाणित आकडा ४८९ दिला, आणि रोजच्या वापरात ३५० ते ३७५ मिळतील असंही स्वतःच सांगितलं. त्यात हायवेचा वेग, एसी आणि भरलेली डिकी आली की ३००च्या आसपास येऊन थांबता.

दुसऱ्या कुठल्याही गाडीचा अंदाज हवा असेल तर बॅटरीच्या युनिटला साडेसहाने गुणा. म्हणजे ३५ युनिटला सव्वादोनशे, ५९ युनिटला पावणेचारशे. आकडा थोडा कंजूष वाटेल, तो तसाच राहू द्या.

मग एका दमात कुठवर जाता येईल?

एका बाजूने कोल्हापूर (२३० किमी), नाशिक (२१०), शिर्डी (१८५), छत्रपती संभाजीनगर (२३५), सोलापूर (२५०) ही सगळी ४५ युनिटच्या गाडीला वाटेत न थांबता जमतात. पण जमतं म्हणून करायचं असं नाही. अडीचशे किलोमीटर न थांबता जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. शिरवळ आलं की कुणाला तरी चहा हवा असतोच. गाडीला त्याच वेळी चार्जरची गन लावली तर चार्जिंगचा वेळ वेगळा मोजावा लागत नाही. मी आधी जेवायचं कुठे हे ठरवतो आणि मग त्याच्या आसपास चार्जर शोधतो. उलटं केलं तर दुपारी बारा वाजता एखाद्या पंपावर उन्हात उभं राहून वेफर्स खावे लागतात.

घाटाचा हिशेब कसा मांडायचा?

याला जरा वेळ द्या. बाकी सगळ्या उत्तरांपेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,८०० किलोच्या आसपास जातं. एवढं वजन १०० मीटर वर चढवायला जवळजवळ अर्धं युनिट लागतं. शाळेत शिकलेलं वजन गुणिले उंची तेच हे. सपाट रस्त्यावर जे जाणार ते वेगळं, हे त्याच्यावर. मोटरमध्ये आणि गिअरमध्ये थोडं वाया जातं, ते धरून अर्ध्याला थोडं पुढे सरकवा.

आता महाबळेश्वर घ्या. ते साधारण १,३५० मीटरवर आहे, म्हणजे पुण्यापेक्षा ८०० मीटर वर. नुसत्या चढाचे चार-साडेचार युनिट झाले, ४५च्या बॅटरीतले दहा टक्के. पसरणीचा घाट चढताना स्क्रीनवरचा किलोमीटरचा आकडा धडाधड पडायला लागतो आणि ड्रायव्हरच्या चेहऱ्याचा रंगही. घाबरू नका. गाडी मागच्या काही किलोमीटरवरून पुढचा अंदाज बांधते, तिला पाचगणी आल्यावर चढ संपणार आहे हे माहीत नसतं. घाटात किलोमीटरचा आकडा बघायचाच नाही, टक्के बघायचे.

कोकणाचं उलट आहे. आमचं दिवेआगर घ्या, ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा करत साधारण १६० किलोमीटर. जाताना ४५ टक्के लागले. परत येताना त्याच रस्त्याला, त्याच माणसांना ५८. जाताना ४५ म्हणजे येताना ४५ असं धरून तिथे चार्ज न करता निघणारा माणूस ताम्हिणीच्या पायथ्याशी पोचतो तेव्हा त्याच्या लक्षात येतं की गणितातला एक चढ राहिला. आणि विळ्यापासून वर मुळशीपर्यंत मोबाईलला रेंजही धड नसते, म्हणजे चार्जर शोधायचं कामही तिथे होत नाही.

म्हणून माझा नियम असा : कोकणातून निघताना घाटाच्या पायथ्याला किमान ४० टक्के. ताम्हिणीला माणगाव, कुंभार्लीला चिपळूण, आंबा घाटाला रत्नागिरीकडून येताना हातखंब्याच्या अलीकडे-पलीकडे. मुंबईहून येताना खालापूरच्या आधी. वर चढून गेलं की मोठी काळजी संपली.

आधी सराव हवा असेल तर सिंहगड आहेच. पायथ्याशी ट्रिपमीटर शून्य करा, वर जा, किती टक्के गेले लिहून ठेवा. चढ सहाशे मीटरच्या आसपास आहे. पिठलं-भाकरी खा, उतरा, किती परत आले तेही लिहा. हे दोन आकडे तुमच्या गाडीचे, तुमच्या पायाचे असतात. दुसऱ्याच्या अनुभवापेक्षा ते बरे.

उतरताना बॅटरी भरते म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, पण घातलं तेवढं परत येत नाही. चढाला जे लागलं त्याच्या साठ-पासष्ट टक्के परत मिळाले तर खूप. एक गोष्ट मात्र नवे लोक हमखास चुकतात. महाबळेश्वरला हॉटेलवर रात्रभर लावून १०० टक्के भरतात आणि सकाळी तशीच गाडी घाटात घालतात. भरलेल्या बॅटरीत जागा नसते, त्यामुळे रीजन, म्हणजे उतारावर मोटरने वीज परत बॅटरीत भरणं, कामच करत नाही. रोज पाय उचलला की हळू होणारी गाडी त्या दिवशी सुसाट सुटते, आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. डोंगरावरून उतरायचं असेल तर ८५-९०वर थांबा. फुकटचं चार्जिंग घाटालाच करू द्या.

आदल्या दिवशी काय करायचं?

पहिलं म्हणजे वार बघा. पुण्यात गुरुवार हा महावितरणचा दुरुस्तीचा दिवस. शुक्रवारी पहाटे निघायचं आणि गुरुवारी दुपारी आरामात लावू असं म्हणाल तर लाईट नसेल. लांबच्या सुट्ट्या नेमक्या शुक्रवारीच सुरू होतात. मी बुधवारी रात्री ८०पर्यंत नेतो आणि गुरुवारी रात्री वरचं भरतो.

टायरची हवा गार टायरमध्ये, भरलेल्या गाडीचा जो आकडा दारावरच्या स्टिकरवर असतो त्याप्रमाणे भरा. हवा कमी असली की चार-पाच टक्के रेंज कुठे गेली ते कळतही नाही. स्टेपनी आहे का ते डिकी उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना ती येत नाही, नुसतं पंक्चर किट येतं. साइडवॉल फाटली तर किट निरुपयोगी.

आणि छोटी १२ व्होल्टची बॅटरी. इलेक्ट्रिक गाडीलाही ती असते. ती बसली तर मोठी बॅटरी ९० टक्के असूनही गाडी चालू होत नाही, दार उघडायचीही पंचाईत होते. तीन वर्षांच्या पुढे गेली असेल तर सर्व्हिस सेंटरला तपासून घ्या.

रोज ८० टक्केच भरावं म्हणतात. निघताना १०० केलं तर बॅटरी खराब होते का?

नाही. भरून लगेच निघत असाल तर खुशाल भरा. १००वर दोन-दोन आठवडे उभी ठेवू नका, एवढंच. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असते. तिला तर अधूनमधून पूर्ण भरणं आवश्यकच, नाहीतर उरलेले टक्के मोजण्यात गाडीची गल्लत होते. प्रवासाच्या आधी पूर्ण भरण्याचा हाही फायदा, स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

कोणती ॲप्स ठेवायची?

टाटा पॉवर ईझेड चार्ज, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी पल्स आणि सगळ्यांचा एकत्र नकाशा बघायला प्लगशेअर. शिवाय तुमच्या रस्त्यावर अजून ज्या कंपनीचे चार्जर दिसतील तिचं. पाच-सहा ॲप्स होतात, इलाज नाही.

ती घरीच, वायफायवर डाऊनलोड करा, लॉगिन करा, वॉलेटमध्ये तीन-चारशे रुपये टाका. घाटाच्या पायथ्याला ओटीपी न येणं ही काय चीज आहे ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. आणि ज्याच्या मोबाईलवर ॲप आहे तो माणूस गाडीत हवा. आमच्याकडे एकदा ॲप बायकोच्या फोनमध्ये होतं आणि फोन बायकोबरोबर साडीच्या दुकानात.

प्लगशेअरवर नकाशातल्या खुणेपेक्षा खालच्या नोंदी वाचा. चार दिवसांपूर्वी कुणी चार्ज केलं असेल तर चार्जर जिवंत आहे. शेवटची नोंद सहा महिन्यांपूर्वीची असेल तर तो चार्जर नाही असंच धरून चाला.

फास्ट चार्जरवर किती वेळ लागतो?

४५ युनिटची गाडी २०वरून ८० टक्क्यांवर न्यायला २७ युनिट लागतात. ६० किलोवॉटच्या, म्हणजे तासाला ६० युनिट देऊ शकणाऱ्या चार्जरवर गाडी सरासरी ४०ने घेते असं धरा, म्हणजे चाळीस मिनिटं. ३० किलोवॉटवर तासभर. ७.२च्या स्लो चार्जरवर चार तास, आणि घरातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर आठ-नऊ तास.

८०च्या पुढे मात्र वेग पडतो. शेवटचे वीस टक्के भरायला कधीकधी आधीच्या साठइतकाच वेळ जातो. तेव्हा पुढचा चार्जर नक्की चालू आहे असं माहीत असेल तर ८०ला गन काढून निघा. पुढे घाट असेल आणि वर काही नसेल तर थांबा.

चार्जरवर १२० लिहिलंय म्हणून गाडी १२०ने घेत नाही. तिची स्वतःची मर्यादा असते, ती मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. शिवाय एकाच चार्जरला दोन गन असतील तर शेजारी दुसरी गाडी लागली की वीज विभागली जाते. काही छोट्या गाड्यांना फास्ट चार्जिंगची सोयच नसते. विकत घेताना कुणी सांगत नाही, पंपावर गेल्यावर गन बसत नाही तेव्हा कळतं.

चार्जर बंद निघाला तर?

आधी लाल बटण बघा. गंमत नाही. प्रत्येक चार्जरवर इमर्जन्सीचं मोठं लाल बटण असतं, कुणीतरी येताजाता दाबून ठेवतं आणि मग चार दिवस तो चार्जर 'बंद' असतो. बाणाच्या दिशेने फिरवलं की बटण वर येतं. तरी नाही झालं तर चार्जरवरच्या हेल्पलाईनला फोन करा, ते लांबूनच मशीन रीसेट करतात किंवा चार्जिंग सुरू करून देतात. तेही नाही जमलं तर पंपावरच्या माणसाला एमसीबी पाडून परत चढवायला सांगा. माझ्या अनुभवात पाचातले तीन 'बंद' चार्जर या तिन्हींपैकी एकाने चालू झालेत.

उरलेल्या दोनांसाठी एकच उपाय : कुठल्याही चार्जरला पोचताना पुढच्या चार्जरपर्यंत जाण्याइतके टक्के हातात हवेत. एरवी मी बॅटरी २० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. हायवेला कोल्हापूरपर्यंत शिरवळ, सातारा, कराड असे पर्याय जवळजवळ आहेत, तिथे १५वर आलं तरी चालतं. कोकणात ३०.

रांग असेल तर?

दिवाळीच्या सुट्टीत असते, गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत तर असतेच. रांगेत उभ्या माणसाशी बोला, कुणाला किती हवंय ते विचारा. दहा मिनिटांत निघणाऱ्याला आधी लावू देणारे लोक भेटतात. गाडी लावून तासभर जेवायला बसू नका. ८० झाल्यावर गन काढून गाडी बाजूला घ्या. काही कंपन्या चार्जिंग संपल्यावर गाडी तशीच ठेवली तर मिनिटाला पैसे लावतात. जागा अडवणारी गाडी पेट्रोलची असेल तर मालकाला शोधून आणायचं काम पुणेकराला शिकवायला नको.

होमस्टेमध्ये, गावी नातेवाइकांकडे चार्ज करता येईल का?

येतं, आणि कोकणात तेच सगळ्यात उपयोगी. रात्री दहाला लावलं तर सकाळच्या आंबोळीपर्यंत साठ टक्के वाढतात. पण बुकिंग करताना फोनवर तीन गोष्टी विचारा : पंधरा अँपिअरचा प्लग आहे का, गाडी त्याच्यापाशी येते का, आणि अर्थिंग आहे का. पहिल्या दोनांना खरं उत्तर मिळतं. तिसऱ्याला "हो हो, सगळं आहे" असं मिळतं.

दिवेआगरच्या त्या खेपेला आम्हीही "सगळं आहे" ऐकून गेलो. व्हरांड्यात मोठा प्लग होता. गन लावली तर चार्जरचा लाल दिवा, अर्थिंग फॉल्ट. तीन पिनांपैकी वरच्या भोकाच्या मागे वायरच नव्हती, नुसती शोभा. गाडी ५४ टक्क्यांवर आणि परतीला ५८ हवेत. घरमालकीण काकू म्हणाल्या, "थांबा हो, फ्रीजच्या मागे बघा. आमच्या धाकट्यानं मागच्या वर्षी तिथं तांब्याची पट्टी घातली होती." फ्रीज ओढला, त्याचा प्लग पलीकडे लावला आणि आमची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काढली. हिरवा दिवा लागला. सकाळी काकूंनी विजेचे किती पैसे झाले ते विचारलं नाही, मीच गाडीच्या ॲपमधला आकडा दाखवून हिशेब दिला. ते तुम्हीही करा. पंचवीस युनिट म्हणजे फुकटात मागण्याइतकी छोटी गोष्ट नाही.

इथे दोन इशारे. बाजारात न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेला जुगाडू प्लग मिळतो, तो लावला की चार्जरला अर्थिंग असल्यासारखं वाटतं. तो घेऊ नका. त्या घराच्या वायरिंगमध्ये कुठे उलटसुलट असेल तर गाडीचा पत्राच करंट मारेल, आणि कोकणात अंगण ओलं असतं. दुसरं, अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. नुसता कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर गाडीच्या स्क्रीनवरून करंट कमी करा, नाहीतर काढून टाका. जुन्या घरातला प्लग मिक्सरसाठी बसवलेला असतो, आठ तास सलग ओढायला नाही. एक्स्टेन्शन न्यायचीच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून जाड, ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची बनवून घ्या. इस्त्रीला वापरतो ती चालणार नाही.

बोरघाटात तीन-चार तास अडकलो आणि एसी चालू असेल तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचीच भीती सगळ्यात कमी हवी. उभ्या गाडीचा एसी तासाला एक ते दीड युनिट खातो. तीन तासांत चार युनिट, म्हणजे ४५च्या बॅटरीतले नऊ-दहा टक्के. हळूहळू सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये इलेक्ट्रिक गाडी उलट कमी खाते. बॅटरी खातो तो वेग.

वेगाने खरंच एवढा फरक पडतो?

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०च्या जागी १००ने गेलात तर तो दीडपटीच्या वर जातो, १२०ला सव्वादोनपट. एक्स्प्रेसवेची मर्यादा १०० आहे आणि समृद्धीवर १२०. पण १२० ही मर्यादा आहे, आग्रह नाही.

नागपूरला जाताना हे मी पैसे मोजून शिकलो. संभाजीनगरला भरून समृद्धीवर चढलो, रस्ता रिकामा, मुलगा मागून "बाबा, सगळे आपल्याला ओव्हरटेक करतायत" म्हणतोय. १२० लावला. शंभर किलोमीटरमध्ये जवळजवळ निम्मी बॅटरी साफ. मग ९०वर आलो आणि उरलेला रस्ता ट्रकांच्या मागे काढला. त्या वेगात जितका वेळ वाचला त्याच्या तिप्पट पुढे चार्जिंगला गेला. उन्हाळ्यात विदर्भात जायचं तर पहाटे निघा. भर दुपारी बॅटरी गार ठेवायलाच वीज खर्च होते आणि तापलेली बॅटरी फास्ट चार्जरवरही हळू घेते.

पावसात चार्जिंग केलं तर शॉक बसेल का?

सार्वजनिक चार्जरवर नाही. गन पूर्ण बसल्याशिवाय आणि गाडी-मशीनचं आपसांत बोलणं झाल्याशिवाय त्यातून वीज वाहतच नाही. फक्त गन चिखलात पडलेली नाही ना ते बघून, पाणी झटकून लावा. घरगुती प्लगवर मात्र जोड उघड्यावर ठेवू नका.

पाण्यातून गाडी घालण्याबद्दल : बॅटरीला आयपी६७ असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत पाणी जाऊ नये. ही चाचणी स्थिर पाण्यातली आहे. ओढ्याच्या पुरात पेट्रोलची गाडी वाहते तशीच हीही वाहते. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का तेही बघा. वरंधा पावसात बऱ्याचदा बंद ठेवतात, आणि वळसा पडला तर तो टक्क्यांतून जातो.

टोल लागतो का?

महाराष्ट्राच्या २०२५च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक चारचाकींना टोलमाफी आहे. पुणे-सातारा-कोल्हापूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग, तिथे खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी सगळीकडे टोल भरायचा. फास्टॅगमध्ये पैसे असू द्या. माफीच्या रस्त्यावर पैसे कापल्याचा मेसेज आला तर तो जपून ठेवून तक्रार करा. हिरवी नंबर प्लेट दाखवून बूथवर वाद घालण्यात फक्त मागचे हॉर्न वाढतात.

खर्च किती?

कोल्हापूर जाऊन-येऊन ४६० किलोमीटर, सत्तर युनिट. त्यातले चाळीस घरून भरलेले, तीस रस्त्यावर. बाहेर युनिटला १८ ते २५ रुपये पडतात, घरच्या दुपटीच्या आसपास. सगळं मिळून हजार-अकराशे. पेट्रोलच्या गाडीला तीन हजारांच्या वर. रोज बाहेरच चार्ज करणाऱ्याचा फायदा एवढा नसतो, हेही खरं.

गाडी मध्येच संपली तर?

एकदम संपत नाही. आधी वेग कमी करते, एसी बंद करायला सुचवते, मग कासव दाखवते. कासव दिसलं की बाजूला घ्या आणि कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करा. टेम्पोला दोर बांधून ओढत नेऊ नका. चाकं फिरली की मोटर फिरते आणि नसतं नुकसान होतं. चारही चाकं वर असलेली फ्लॅटबेडच मागवा, फोनवर तसं स्पष्ट सांगा.

छोटी गाडी आहे, २४ युनिटची. नेऊ का?

महाबळेश्वरपर्यंत नक्की, वाटेत वाईला किंवा सुरूरला एक थांबा घेऊन. त्याच्या पुढे दर शंभर-सव्वाशे किलोमीटरला थांबायची तयारी असेल तर कुठेही. आमच्या सोसायटीतले निवृत्त जोशीकाका अशा गाडीने गणपतीपुळ्याला जाऊन आले. दोन दिवस लावले, वाटेत कराडला मुक्काम केला. त्यांना घाई नव्हती.

एवढा व्याप करण्यापेक्षा पेट्रोलची गाडी नेली तर?

न्या की. गणपतीच्या आदल्या रात्री, सात माणसं, आरतीच्या आत सावंतवाडीला पोचायचंय, अशा वेळी मीही भावाची डिझेल गाडी मागतो. तो देतो. बदल्यात चार दिवस माझी घेऊन ऑफिसला जातो आणि परत देताना हमखास ११ टक्क्यांवर आणून लावतो.